दाभोळचं बंदर आणि ‘बाहेरून’ आलेली माणसं

मे महिन्यात चिपळूणला बहिणीकडे गेलो होतो. आम्ही घाटावरचे, दखनी बोलणारे. बहीण मात्र कोकणी मुसलमान घरात दिलेली. तिचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसलेला. उकाडा असा की दुपारी पंख्याखालीही बसवत नव्हतं. म्हटलं, चल, दाभोळ बघून येऊ. तो हसला. म्हणाला, “मामू, तुम्हा घाटावरच्यांना समुद्र म्हणजे पिकनिक.” चूक नव्हतं त्याचं.

गुहागरकडून आम्ही धोपाव्याच्या जेटीवर आलो. वाशिष्ठीची खाडी इथे समुद्राला मिळते. दक्षिणेला गुहागर तालुक्यातलं धोपावे, उत्तरेला दापोली तालुक्यातलं दाभोळ. मधे फक्त पाणी. रस्त्याने जायचं तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. 2003 पासून इथे गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि तो वळसा वाचला. आमच्या बोटीत पुण्याच्या पासिंगच्या दोन गाड्या होत्या, पाच-सहा मोटरसायकली होत्या, आंब्याच्या पेट्या होत्या आणि रिकामी पाटी घेऊन परतणाऱ्या दोन मासळीवाल्या. दहा-एक मिनिटांचा प्रवास. कठड्याला टेकून उभे होतो तेव्हा समोरच्या काठावर, माडांच्या वर, एक मोठा दगडी घुमट दिसायला लागला.

भाच्याने तेव्हाच विचारलं, “मामू, आपण बाहेरून आलोय का?”

त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कशावरून तरी वाद झाला होता. कुणीतरी लिहिलं होतं, तुम्ही तर बाहेरून आलेले. बाकीच्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या. पोराने घरी सांगितलं नव्हतं. त्याला हो किंवा नाही असं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, आधी गाव बघू.

घोड्यांचं बंदर

आज दाभोळ म्हणजे जेटी, बाजाराचा एक रस्ता, कौलारू घरं आणि मासळीचा वास. बाहेरच्या लोकांना हे नाव माहीत आहे ते एन्रॉनमुळे. गंमत अशी की तो वीजप्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीच्या पलीकडे अंजनवेलच्या बाजूला उभा राहिला. कंपनीने नाव तेवढं दाभोळचं घेतलं. त्या नावाची जुनी ओळख मात्र या प्रकल्पाच्या कितीतरी आधीची आहे.

पंधराव्या शतकात दाभोळ हे बहमनी राज्याचं समुद्राकडचं दार होतं. फारसी बखरींत त्याचं नाव मुस्तफाबाद असंही येतं. जहाजं खाडीत शिरायची, माल लहान होड्यांनी चिपळूणच्या बाजूला जायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला. पुढे बीदर, विजापूर. दख्खनच्या पठारावर चांगला घोडा पैदा होत नसे, त्यामुळे अरबस्तान आणि इराणकडून घोडे यायचे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथलं वर्णन करणारा पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा सांगतो की तांबं, पारा, हिंगूळ असा माल इथे उतरे आणि कापड, गहू, हरभरा इथून बाहेर जाई. व्यापारी मुसलमान होते, तसे हिंदू आणि गुजरातीही होते.

1453 मध्ये याच बंदरात इराणच्या गिलान प्रांतातला चाळिशी ओलांडलेला एक व्यापारी उतरला. त्याच्याकडे घोडे होते, रेशीम होतं, मोती होते. तुर्क आणि हबशी गुलामही होते. हा शेवटचा तपशील आपण बरेचदा गाळतो. इस्लाम कोकणात व्यापारातून आला हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. पण त्या व्यापारात माणसंही विकली जात होती हेही तितकंच खरं आहे. त्या गुलामांना ‘तुम्ही बाहेरून का आलात’ असं विचारण्यात काही अर्थ नाही. त्यांना आणलं गेलं होतं.

त्या व्यापाऱ्याचं नाव महमूद गावान. बीदरमधल्या एका सूफी बुजुर्गांची भेट घ्यावी, मग दिल्लीला जावं, असा त्याचा बेत होता. पण बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा याने त्याला ठेवून घेतलं. पुढे तो ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य झाला, मग राज्याचा वजीर. बीदरचा मदरसा त्याने बांधला. कोकणातले गड आणि गोवा त्याने बहमनी राज्याला जोडले.

आणि 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या मोहोरेचा कागद मिळवून कुणीतरी त्यावर खोटं पत्र लिहिलं आणि सुलतानाला दाखवलं. हे करणारे कोण, तर दरबारातला दखनी गट. बहमनी दरबारात दोन तट होते: समुद्रावरून आलेले इराणी, तुर्क, अरब ते ‘आफाकी’ आणि इथे रुजलेले ते ‘दखनी’. दोन्हीकडे मुसलमान. तरी ‘बाहेरचे’ आणि ‘इथले’ यावरून त्यांनी एकमेकांच्या माना कापल्या. गावानच्या आधी चाकणला आफाकींची मोठी कत्तल झाली होती. गावाननंतर काही वर्षांतच राज्याचे तुकडे पडायला लागले.

मी भाच्याला म्हटलं, “बघ, तुला ग्रुपवर जे कुणी बोललं तो वाद नवा नाही. आमच्या दखनी लोकांनी तो साडेपाचशे वर्षांपूर्वी गावानशी घातला होता.” तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही पण?” म्हटलं, हो, आम्ही पण.

गावान उतरल्यानंतर वीसेक वर्षांनी याच दाभोळातून एक परका परत निघाला. रशियातल्या त्वेर शहरातला व्यापारी अफानासी निकितिन. तो चौलला उतरला होता, विकायला एक घोडा घेऊन. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. निकितिन हवालदिल झाला. त्याला सोडवलं ते मुहम्मद नावाच्या एका खुरासानी ख्वाजाने. मुसलमान सुभेदाराने अडवलं आणि मुसलमान प्रवाशाने रदबदली करून घोड्यासकट सोडवलं, असं निकितिनने स्वतः लिहून ठेवलंय. पुढे तो बीदरला राहिला आणि शेवटी दाभोळला येऊन होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात बसला. महिनाभर समुद्रात भरकटून त्याला आधी हबशांच्या देशाचे डोंगर दिसले. घरी तो पोचलाच नाही; वाटेतच वारला. त्याची वही तेवढी पोचली.

डिसेंबर 1508

दाभोळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की खाडीचं तोंड दिसतं. 1508 च्या डिसेंबर अखेरीस त्या तोंडातून पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मेदाचं आरमार आत आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चौलच्या लढाईत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्याच्या मुलाला, लोरेंसोला ठार केलं होतं. बाप सूड घ्यायला दीवकडे निघाला होता. वाटेत दाभोळ लागलं.

दाभोळकरांनी त्याच्या मुलाला मारलं नव्हतं. तरी शहर जाळलं गेलं आणि माणसं कापली गेली; बायका-मुलं सुटली नाहीत. पोर्तुगीज बखरकारच सांगतात की ‘दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो’ अशा अर्थाचा शाप पुढे या भागात रूढ झाला. काही आठवड्यांनी, 3 फेब्रुवारी 1509 ला, आल्मेदाने दीवची लढाई जिंकली आणि हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा वरचष्मा सुरू झाला. 1547 च्या सुमारास जुआंव द कास्त्रोने दाभोळ पुन्हा जाळलं. गाव दोन्ही वेळा परत उभं राहिलं.

दीवची लढाई इतिहासाच्या पुस्तकांत असते. दाभोळची आग सहसा नसते. भाच्यानेही ती ऐकली नव्हती आणि त्याचं घर इथून काही तासांवर आहे.

पोर्तुगीजांनी समुद्रावर परवान्याची पद्धत आणली. त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. तो जवळ नसेल तर जहाज लुटायला किंवा बुडवायला ते मोकळे. विजापूरच्या आदिलशहालाही आपल्या जहाजांसाठी तो घ्यावा लागे. याचा मोठा फटका बसला हजला. परवान्यावर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची चित्रं असत. अकबराच्या दरबारातले मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी तर फतवा दिला की हिंदुस्थानच्या मुसलमानांवर आता हज फर्ज राहिलेला नाही. खुष्कीच्या वाटेवर इराणचे शिया, आणि समुद्राच्या वाटेवर चित्र असलेला फिरंगी परवाना. हे बदायुनीने लिहून ठेवलंय आणि त्याला तो फतवा मुळीच पटलेला नव्हता. लोकांनाही पटला नसावा. जहाजं जात राहिली. आदिलशाहीच्या काळात दाभोळहून लाल समुद्राकडे मोख्याला जहाजं जात. त्यांत व्यापारी असत तसे हाजीही.

मशीद

बोटीतून दिसलेला घुमट या मशिदीचा. जेटीपासून चालत काही मिनिटं. आत शिरलो तेव्हा जोहरची वेळ होत आली होती. उंच जोत्यावरची दगडी इमारत, चार कोपऱ्यांना चार मिनार, मधे एकच मोठा घुमट, समोर कमानी, अंगणात हौज. ज्याने विजापूर पाहिलंय त्याला घराणं लगेच ओळखू येतं. दक्षिण कोकणात आदिलशाही धाटणीची इतकी पुरी इमारत दुसरी नाही. लोक तिला शाही मशीद म्हणतात, अंडा मशीदही म्हणतात.

तिची कथा गावात सगळ्यांना पाठ आहे. विजापूरची एक शहजादी हजला जाण्यासाठी दाभोळला आली. बरोबर वीस हजार घोडेस्वार आणि पंधरा लाख रुपये. पण समुद्रात चाच्यांची भीती, म्हणून जहाज निघेना. परत जावं तर हजसाठी काढलेला पैसा घरी कसा न्यायचा? मौलवी आणि काझींनी सल्ला दिला, इथेच मशीद बांधा. तिने बांधली. साल सांगतात 1659. कुणी तिला आयेशा बीबी म्हणतं, कुणी माँसाहेबा.

कथेतले आकडे कथेचे आहेत. पण त्या वर्षांत विजापुरात खरोखर एक मोठी बाई होती. मुहम्मद आदिलशहाची बेगम, गोवळकोंड्याची लेक, बडी साहिबा. 1656 मध्ये नवरा वारल्यावर तरुण अली आदिलशहाच्या नावाने बराचसा कारभार तिच्याच हातात होता. अफजलखानाची मोहीम तिच्याच काळातली. आणि हजला ती गेली, डच कंपनीच्या जहाजातून. पोर्तुगीजांचा डोळा चुकवायचा तर त्यांच्या वैऱ्याचं जहाज बरं, असा तो हिशेब असावा. म्हणजे कथेतली बाई अडकून मशीद बांधते आणि कागदांतली बाई डचांच्या जहाजात बसून जाते. दोन्हींत समुद्राची भीती एकच आहे. राजघराण्यातल्या बाईला ही धास्ती, तर साध्या हाजीचं काय होत असेल? मशिदीची कथा गावाने इतकी वर्षं जपली, ती मला वाटतं त्या साध्या हाजींची आठवण म्हणूनही.

1659 च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि त्यानंतर लवकरच दाभोळ शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं. मशीद राहिली. किनाऱ्यावरची दर्यावर्दी माणसंही राहिली आणि त्यांच्यातले अनेक नव्या आरमारात गेले. महाराजांच्या आरमाराच्या प्रमुखांमध्ये दर्यासारंग आणि दौलतखान ही नावं आहेत. पलीकडच्या अंजनवेलचा गड पुढे सिद्दीकडे गेला आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर तुळाजी आंग्रे यांनी तो घेतला. आज त्याला गोपाळगड म्हणतात. तोवर विजापूर संपलं होतं, मुंबई वाढत होती आणि दाभोळला मागे फक्त खाडी उरली होती.

नमाजनंतर हौजापाशी बसलेल्या एका वृद्ध चाचांशी बोललो. त्यांचे वडील आगबोटीवर होते. मुंबईहून निघणारी आगबोट दाभोळला थांबायची. पावसाळ्यात ती बंद. इथून लहान लाँचने माणसं चिपळूणकडे जायची. त्यांची मुलं कुवेतला. गल्लीतली निम्मी घरं वर्षभर कुलूपबंद असतात, मे महिन्यात उघडतात. त्या दिवशी उघडीच होती. ओट्यावर लुंगी लावून बसलेले, आठवड्यापूर्वीच विमानातून उतरलेले बाप्ये, आणि त्यांच्याभोवती त्यांना जरा बुजणारी त्यांचीच लहान पोरं. दाभोळची वाट अजून आखाताकडेच जाते. पूर्वी तिकडचे इकडे येत, आता इकडचे तिकडे जातात.

दुपारी चंडिकेच्या देवळातही गेलो. गुहेतलं देऊळ, आत समईचाच उजेड. वाकून जावं लागतं. भाचा पुढे आणि मी त्याच्या मागे. तो इथे शाळेच्या सहलीत आला होता, त्याला पायरी कुठे आहे ते माहीत होतं.

नाखवा

परतीच्या बोटीची वाट पाहत जेटीवर बसलो. भाच्याने पुन्हा विचारलं, “मग उत्तर काय लिहू?”

मी म्हटलं, समोर बघ आणि मला इथल्या वस्तूंची, माणसांची नावं सांग. मराठीत. तो सांगायला लागला. बंदर. दर्या. किनारा. लंगर. जहाज. खलाशी. सारंग. पलीकडे जाळं विणत बसलेल्या माणसाला कुणीतरी “ओ नाखवा” म्हणून हाक मारली, तोही शब्द त्याने घेतला.

बंदर, दर्या, किनारा, लंगर हे फारसी. जहाज आणि खलाशी अरबीतून आलेले. सारंग म्हणजे फारसीतला ‘सरहंग’, वरचा अंमलदार. नाखवा म्हणजे ‘नाखुदा’, नावेचा धनी. हे शब्द त्या जेटीवरचे कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान सगळे बोलतात. ते कुणी लादलेले नाहीत. एका होडीवर काम करणाऱ्या माणसांनी एकमेकांकडून उचललेले आहेत. आणि आता ते मराठी आहेत. कोळीगीतातून ‘नाखवा’ काढून दाखवा.

मग मी त्याला मला माहीत आहे ते सरळ सांगितलं. तुझ्या पूर्वजांत कुणी अरब किंवा इराणी खलाशी असेल, जो मौसमी वारा उलटा फिरेपर्यंत इथे थांबला आणि इथल्या बाईशी लग्न करून राहिला. कुणी गुलाम म्हणून आणलेला हबशी असेल. पण बहुतेक सगळे इथलेच असतील. तुझ्या वर्गातल्या त्या पोराचे जिथले, तिथलेच. तुझी आजी जी कोकणी बोलते ती कुठल्याही जहाजातून आलेली नाही, ती या खाडीच्या काठची आहे. आणि जो एक पूर्वज जहाजातून आला त्याचीही शरम वाटायचं कारण नाही. बंदराचं गाव येणाऱ्यांवर आणि जाणाऱ्यांवर जगतं. येणारा प्रत्येक जण आल्मेदा नसतो. त्यांत गावान असतो, निकितिन असतो.

“एवढं ग्रुपवर कोण वाचणार?” तो म्हणाला. खरंच होतं ते. मी म्हटलं, मग दाभोळ 1508 एवढंच लिही आणि विचार, हे कुणाला माहीत आहे का.

बोट लागली. गाड्या आधी चढल्या, मग माणसं. खाडीच्या मध्यावर आल्यावर त्याने मागे वळून घुमटाचा फोटो काढला आणि खाली काहीतरी टाइप केलं. मी विचारलं नाही. धोपाव्याला उतरताना त्याने मोबाइल पुढे केला. ग्रुपवर फोटो गेला होता. खाली त्याने लिहिलं होतं: “आमचं दाभोळ. कुणाला यायचं असेल तर सांगा, फेरीबोट आहे.” एकाचं उत्तर आलं होतं: “रविवारी?”